घरची चूल सुधारताना : परिसर अभ्यासासाठी एक पाठ

कपाशीची शेवटची वेचणी आटोपली की राळेगाव तालुक्यातील बहुतेक गावांत घरांच्या कुडालगत पऱ्हाटीच्या गंजी उभ्या राहतात. पुढील पावसाळ्यापर्यंतचे जळतण ते हेच. या गंजींचा धूर सकाळच्या प्रहरी आपल्या वर्गापर्यंत येतो. तो मुलांच्या कपड्यांना चिकटलेला असतो, लहान भावंडांच्या खोकल्यात असतो आणि कित्येकदा प्रार्थनेच्या वेळी चोळून लाल झालेल्या डोळ्यांतही असतो. अलीकडे पुष्कळ घरांतून चूल बदलण्याचा विचार होऊ लागला आहे. कोणाच्या घरी सिलिंडर आलेला असतो, पण तो कोपऱ्यात असतो. कोणी बाजारात लोखंडी चूल पाहून आलेले असते. कोणाच्या दारी गोबर गॅसचा खड्डा अर्धवट पडलेला असतो. अशा वेळी पालक शाळेत येऊन सहज विचारतात, "गुरुजी, कोणती घ्यावी?" या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने विचार न करता देऊ नये, आणि शक्य तर ते त्याने एकट्यानेही देऊ नये. इयत्ता पाचवी ते सातवीच्या मुलांना हाताशी धरून ते कसे शोधता येईल, याची चर्चा या लेखात केली आहे.

प्रथम प्रस्तुत लेखकाने स्वतः केलेली चूक सांगणे योग्य होईल. १९९४ साली आमच्या घरी धुराड्याची दोन तोंडांची चूल बसविण्यात आली. ती बसविण्याचा निर्णय माझा. नळीचा व्यास, भिंतीपासूनचे अंतर, छपराबाहेरची उंची हे सारे मी वहीत टिपून घेतले होते. ज्या माउलीने त्या चुलीवर रोज दोन वेळा रांधायचे, तिला मात्र मी एक शब्दही विचारला नाही. पहिल्याच दिवशी तिने प्रश्न केला, "भाकर कुठी फुगवू बापा?" चुलीचे तोंड अरुंद होते, निखारे पुढे ओढून त्यांच्यासमोर भाकर उभी करण्यास तेथे जागाच नव्हती. चार दिवस तिने कळ काढली आणि पाचव्या दिवशी पहारीने तोंड मोठे केले. तोंड मोठे होताच नळीचा ओढ मोडला आणि धूर पूर्ववत घरात पसरू लागला. पुढील पावसाळ्यात नळी काजळीने तुंबली. ती साफ करायची असते हे मला ठाऊक होते. परंतु कोणी करायची, हे घरात कधी ठरलेच नव्हते. दोन वर्षांनी ती चूल फोडून आईने आपल्या हाताने जुन्या पद्धतीची चूल घातली. दोष चुलीचा नव्हता, आईचा तर नव्हताच.

वास्तविक या विषयात आपला भाग मागासलेला नाही. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे वर्धा जिल्हा लागतो. तेथील मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली चालत असे. घाणी, चरखा, हातकागद यांबरोबर चुलीचाही विचार तेथे झाला आणि त्यातून मातीची, धुराड्याची, एका जाळावर एकाहून अधिक भांडी चढविणारी 'मगन चूल' पुढे आली. स्वयंपाकघर हीसुद्धा ग्रामोद्योगाची जागा आहे, हा विचार त्या काळी नवा होता. पुढे हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीवर काम केले व १९५३ साली त्याविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. १९८० नंतरच्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला आणि त्यात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद आहे. 'लक्ष्मी' नावाची दोन तोंडांची, धुराड्याची चूल महाराष्ट्रात त्याच काळात परिचित झाली.

मग एवढ्या चुली गेल्या कोठे? या प्रश्नाचे काहीसे उत्तर ओडिशातील एका दीर्घ अभ्यासात मिळते. एस्तेर दुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन व रेमा हॅना या अर्थशास्त्रज्ञांनी धुराड्याच्या चुली दिलेल्या घरांची सुमारे चार वर्षे पाहणी केली आणि २०१२ साली आपले निष्कर्ष मांडले. पहिल्या वर्षी स्त्रियांच्या श्वासातून जाणारा धूर कमी झाला. नंतर तो फरक नाहीसा झाला. प्रकृतीत सुधारणा दिसली नाही, जळतणातही बचत दिसली नाही. चुलींची देखभाल होत नव्हती, तडे बुजविले जात नव्हते आणि कित्येक घरी नव्या चुलीच्या शेजारी जुनी चूल पेटतच होती. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली वस्तू घरात उत्तम ठरेलच असे नाही, हे या अभ्यासाने आकड्यांनिशी दाखविले. आमच्या घरच्या पहारीने ते आधीच दाखविले होते, पण त्याची नोंद कोणी केली नाही, इतकेच.

विषयाचे गांभीर्य मुलांना समजावे म्हणून धुराविषयी थोडे सांगावे लागेल. जळतण पुरते जळाले तर बहुतांशी कर्बवायू आणि पाण्याची वाफ होते. अर्धवट जळाले तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, डांबरासारखे पदार्थ आणि अतिशय बारीक कण हवेत राहतात. हे कण इतके सूक्ष्म असतात की नाकातील केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लक्ष माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. अशा घरांतील लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असेही ती संघटना सांगते. रांधणाऱ्या आईच्या कडेवर किंवा पाठीशी जे मूल असते, त्याच्या नाकाची उंची आणि धुराच्या थराची उंची पुष्कळदा एकच असते. वर्गात या ठिकाणी थोडे थांबावे. मुले आपल्या घरातील पाळणा कोठे टांगला आहे ते आपण होऊन सांगू लागतात.

आता निवडीकडे वळू. चुलीचे नाव विचारण्याआधी जळतण विचारावे, असा माझा आग्रह आहे. पऱ्हाटी ही लांब, काटकुळी व पटकन पेटणारी. ती सतत पुढे सारावी लागते आणि तिचा निखारा फार वेळ टिकत नाही. तुराट्यांचेही तसेच. लाकडाचा ओंडका सावकाश जळतो व चांगला निखारा देतो. गोवरी मंद जळते, राख फार करते आणि धूरही फार करते. ज्या घरी वर्षातील आठ महिने पऱ्हाटी जळते, त्या घरी सारख्या आकाराचे लाकडाचे तुकडे मागणारी चूल निरुपयोगी ठरते. पाच-पाच बोटांचे तुकडे पाडण्यास कोणाला वेळ आहे?

दुसरे म्हणजे ओल. एक किलो जळतणात ४०० ग्रॅम पाणी असेल तर ते पाणी तापवून वाफ करण्यातच सुमारे २५० किलोकॅलरी उष्णता जाते, आणि जळण्यास उरते ते ६०० ग्रॅमच. शिवाय जाळ थंडावतो आणि धूर वाढतो, हे नुकसान त्याहून मोठे. म्हणून एक पैसाही न लागणारी पहिली सुधारणा अशी : जळतण वर्षभर आधी गोळा करून, जमिनीपासून वीतभर उंच रचून, वरून झाकून ठेवावे. पऱ्हाटीच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र घ्यावी. गुलाबी बोंडअळी न उमललेल्या बोंडांत दडून राहते आणि २०१७ सालच्या हंगामात आपल्या जिल्ह्याने तिचा फटका सोसला आहे. पऱ्हाटीची गंज शेताजवळ ठेवू नये, असे कृषी विभाग सांगत असतो. जी घरी जाळायचीच आहे तिची बोंडे आधी तोडून नष्ट करावीत आणि पुढील पेरणीपूर्वी गंज संपवावी.

धुराड्याची पक्की चूल ही राहत्या घरासाठी, विशेषतः स्वयंपाकघर बंदिस्त असेल तर, अजूनही चांगली निवड आहे. पण तिच्या अटी आहेत. तिचे तत्त्व सोपे आहे. गरम हवा हलकी होऊन नळीतून वर जाते आणि तिच्या जागी तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. हा ओढ नळीची उंची, तिचा व्यास आणि चुलीच्या तोंडाचा आकार यांच्या मेळावर अवलंबून असतो. यांपैकी एक बदलले की मेळ बिघडतो. साधारणतः १० सेंटिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिचे टोक छपराच्या वर पुरेसे काढावे, नाहीतर वारा धूर परत आत ढकलतो. पावसासाठी वर टोपी हवी. कवेलूच्या छपरात नळी काढणे सोपे, कारण चार कवेलू सरकविले की वाट होते. टिनाच्या छपराला भोक पाडल्यावर सांधा नीट बुजवावा लागतो, अन्यथा पहिल्याच पावसात चुलीत पाणी. गवताच्या छपरातून धातूची तापणारी नळी नेणे धोक्याचे आहे; तेथे नळी भिंतीतून बाहेर काढून छपरापासून दूर न्यावी. जुन्या योजनांत सिमेंट-अ‍ॅस्बेस्टॉसच्या नळ्या वापरल्या गेल्या. त्या घरी असल्यास कापू वा फोडू नयेत, कारण त्यांची धूळ श्वासात जाणे घातक असते.

दुसऱ्या तोंडाविषयी गृहिणींची नेहमीची तक्रार अशी, की तेथे भांडे नीट तापत नाही. ही तक्रार खरी आहे, परंतु आपल्या जुन्या चुलीच्या वैलावर तरी कोठे तापत असे? वैलावर वरण शिजत ठेवायचे, दूध तापत ठेवायचे. भाकर टाकायची ती पुढच्या तोंडावर. हे काम वाटून देता आले तर दुसऱ्या तोंडामुळे जळतण वाचते. मात्र दुसऱ्या तोंडावर भांडे नसेल तेव्हा ते झाकलेच पाहिजे, नाहीतर सारा धूर तेथूनच घरात येतो. पुढचे तोंड किती रुंद असावे, हे चूल घालण्यापूर्वी घरचा तवा, घरची पातेली आणि भाकर शेकण्याची रीत पाहून ठरवावे. मेळ राखूनही थोडी सूट देता येते. काही ठिकाणी निखारे ओढण्यासाठी पुढे वेगळा ओटा करतात. काजळीसाठी नळीच्या तळाशी झाकणाची खिडकी ठेवावी आणि पंधरवड्यातून एकदा ती उघडावी. हे काम घरातील कोणत्या माणसाचे, हे नाव घेऊन ठरल्याखेरीज धुराड्याची चूल घेऊ नये, असे मी आता स्पष्टपणे सांगतो. हे काम पुन्हा रांधणारीवरच टाकले जाऊ नये, एवढे पथ्य पाळावे.

उचलून नेता येणारी लोखंडी चूल अंगणात, शेतावर आणि भाड्याच्या घरी सोयीची. तिच्यातील चांगल्या प्रकारांत आतल्या भट्टीभोवती उष्णता अडविणारा थर असतो. त्यामुळे जाळ अधिक तापतो आणि धूर कमी होतो. पण कमी म्हणजे नाहीसा नव्हे. नळी नसल्याने जो उरतो तो घरातच राहतो. म्हणून ती बंद खोलीसाठी नाही. विकत घेताना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहावे. १३१५२ क्रमांकाच्या मानकानुसार साध्या ओढीच्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के असावी लागते. पंख्याची चूल फार स्वच्छ जळते खरी, परंतु तिला तुकडे केलेले कोरडे जळतण लागते आणि पंखा बंद पडल्यास ती साध्या चुलीपेक्षाही वाईट वागते. गावातील कारागिराकडून चूल घडवून घेतल्यास कीटकनाशकांचे रिकामे डबे वा पिंपे त्यासाठी कदापि वापरू देऊ नयेत. आपल्या तालुक्यात हे सांगणे आवश्यक आहे.

गोबर गॅस ज्यांच्या घरी चालतो त्यांना दुसरे काही सुचवू नये. खादी ग्रामोद्योग आयोगाची तरंगत्या टाकीची रचना आणि १९८४ सालची 'दीनबंधू' रचना या दोन्ही कसोटीला उतरलेल्या आहेत. मात्र हिशेब आधी करावा. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो ताजे शेण आणि जवळपास तितकेच पाणी लागते. चरावयास जाणाऱ्या जनावराचे अर्धे शेण रानातच पडते. म्हणून दोन बैल आणि एक गाय एवढ्यावर हे संयंत्र चालणार नाही. वैशाखात ज्या गावाला टँकर येतो, तेथे रोज अडीच-तीन घागरी पाणी टाकीत ओतण्याचे मन कोणाला होईल, हाही विचार करावा.

राहिला सिलिंडर. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि त्यानंतर आपल्याकडील अनेक घरांत पहिल्यांदाच गॅस आला. धुराच्या दृष्टीने याहून सोपा उपाय नाही, हे निर्विवाद आहे. तरी सिलिंडर असलेल्या घरातही चूल का पेटते, हे मुलांनी गणित करून पाहावे. सातवीच्या वर्गाला हा हिशेब सहज जमतो. १४.२ किलो गॅसची उष्णता, किलोमागे १०,८०० किलोकॅलरीप्रमाणे, सुमारे १,५३,००० किलोकॅलरी होते. शेगडीत त्यातील ६० टक्के भांड्याला मिळाली असे धरू, म्हणजे ९२,०००. कोरड्या लाकडाची उष्णता किलोमागे ४,००० धरावी आणि साध्या चुलीत त्यातील १० टक्केच भांड्याला लागते असे मानावे, म्हणजे किलोमागे ४००. म्हणजे एक सिलिंडर बरोबर २३० किलो लाकूड. हीच चूल २० टक्क्यांची केली तर ११५ किलो. ज्या घरी रोज पाच किलो जळतण जळते, त्यांचे महिन्याचे १५० किलो होते. ते काम एका सिलिंडरच्या दोन तृतीयांश भागात होईल. आता आपल्या गावातील आजचा सिलिंडरचा भाव फळ्यावर लिहावा आणि सरपण आणण्यास आठवड्यातून किती फेऱ्या, किती तास लागतात, तेही शेजारी लिहावे. पैसा आणि वेळ यांची तुलना मुलांनीच करावी. शिक्षकाने निकाल सांगू नये.

बहुतेक घरी उत्तर एकाच साधनात सापडत नाही, असे दिसून येईल. माझ्या समजुतीने आपल्याकडे पुष्कळ घरांना परवडणारी आणि टिकणारी व्यवस्था ही, की चहा, वरण, भाजी गॅसवर. आंघोळीचे पाणी आणि जनावरांचे रांधण अंगणातील छपरीत, सुधारित चुलीवर. पाणी तापविण्यास गॅस जाळणे कोणालाच पेलत नाही, आणि घरातील चूल पेटती राहते ती बहुधा पाण्याच्याच निमित्ताने. ती बाहेर गेली तरी अर्धे काम झाले. सौरपेटीत वरण-भात उत्तम शिजतो, पण भाकर होत नाही. विजेची शेगडी वीज असेल तेव्हाच. ही दोन्ही जोडीला घ्यावीत.

आता प्रत्यक्ष पाठ. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाने आपल्या घरी पाहून वहीत लिहावे : चूल आत की बाहेर, छप्पर कसले, खिडकी किंवा झरोका आहे काय, जळतण कोणते व कोण आणते, भाकर कशी शेकतात, गॅस असल्यास महिन्यात किती दिवस वापरतात. घरातील आई-आजीला विचारावयाचा प्रश्न एकच ठेवावा : "या चुलीत काय बदलले तर तुला बरे वाटेल?" उत्तर तिच्याच शब्दांत लिहावे, प्रमाण भाषेत करू नये. कोणाच्या घरची स्थिती वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नये. हे पथ्य फार महत्त्वाचे आहे.

दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या आवारात पाणी उकळण्याचा प्रयोग करावा. जाळ पेटविण्याचे काम शिक्षकाने किंवा पोषण आहार शिजविणाऱ्या ताईंनीच करावे. मुलांनी तोलावे, मोजावे आणि लिहावे. एकीकडे तीन दगडांची चूल, दुसरीकडे गावात असेल ती सुधारित चूल. दोन्हींवर सारखेच पातेले, झाकणासह दोन लिटर पाणी, आणि एकाच गंजीतील तोललेली पऱ्हाटी. पाणी उकळू लागताच जाळ बाजूला काढून उरलेली काटकी व निखारे तोलावेत. दोन लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत नेण्यास १५० किलोकॅलरी लागतात. म्हणजे १० टक्क्यांच्या चुलीत सुमारे ३७५ ग्रॅम आणि २० टक्क्यांच्या चुलीत १९० ग्रॅमच्या आसपास कोरडे जळतण लागावे. आपले आकडे यापासून दूर गेले तर घाबरू नये. वारा, ओल, पेटविण्याची सवय या सर्वांचा त्यात वाटा असतो, आणि कारण शोधण्यातच पाठाचा अर्धा भाग आहे. प्रत्येक चुलीशेजारी, बसून रांधणाऱ्या बाईच्या तोंडाच्या उंचीवर, एक पांढरा ओला रुमाल टांगून ठेवावा. दोन्ही रुमाल वाळवून, तारीख घालून, भिंतीवर लावावेत.

त्यानंतरही ज्या पालकांना विचारावयाचे असेल ते शाळेत येतील. त्यांच्यासोबत घरातील रांधणारी बाई आली नसेल तर त्या दिवशी सल्ला देऊ नये, पुन्हा दोघांना बोलवावे. ज्या घरी नवी चूल बसेल, त्या घरच्या मुलाच्या वहीत दर महिन्याची एक ओळ राखून ठेवावी : नळीची खिडकी उघडली का, कोणी उघडली, जुनी चूल पेटली का आणि कशासाठी. ही नोंद किमान एक पावसाळा ओलांडेपर्यंत चालवावी आणि मूल पुढच्या वर्गात गेले तर वही नव्या वर्गशिक्षकांच्या स्वाधीन करावी.